प्राण्याचा आहार आणि प्रकाशाची साक्ष



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची वर्गातली एक सवय त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. कोणी काही ठामपणे बोलला की ते शांतपणे विचारत, "हे तुला कसं कळलं?" आजचा विषय निवडताना हाच प्रश्न माझ्या मनात होता. रानातला प्राणी काय खातो, हे आपण किती सहज सांगून टाकतो! हत्ती गवत खातो, बिबट्या शेळ्या उचलतो, काळवीट शेतकऱ्याची ज्वारी फस्त करतो. हे आपल्याला कसे कळले? आणि जे कळले ते कितपत खरे आहे?

प्रश्न दिसतो साधा, पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. अभयारण्यात कोणती झाडे राखायची, कुरण कधी मोकळे सोडायचे, पीकनुकसानीची भरपाई कोणाला द्यायची, दुष्काळात जनावराला नेमके काय कमी पडते आहे, या सगळ्याच्या मुळाशी 'तो प्राणी काय खातो' ही एकच माहिती असते. ती मिळवण्याचे एक साधन म्हणून आज प्रकाशाचा उपयोग होतो. प्राण्याच्या केसावर, हाडावर, शेणावर किंवा त्याच्या चाऱ्यावर प्रकाश टाकायचा, त्यातला कोणता भाग शोषला गेला ते मोजायचे आणि त्यावरून आहाराचा अंदाज बांधायचा. हे कसे साधते, कुठे अडते आणि आपल्या भागात ते करायचे तर काय लागेल, हे मला आज मांडायचे आहे.

जुन्या वाटा

सर्वांत जुनी वाट म्हणजे डोळ्यांनी पाहणे. दुर्बीण घेऊन कळपामागे हिंडायचे आणि कोणत्या झाडाला किती वेळा तोंड लावले ते टिपायचे. या पद्धतीने अमूल्य माहिती मिळाली आहे. पण रात्री चरणारा, दाट झाडीत राहणारा किंवा माणसाची चाहूल लागताच पळणारा प्राणी आपल्याला जेवढा दिसतो, तेवढाच आपण टिपतो.

दुसरी वाट विष्ठेची. मांसभक्षक प्राण्याची विष्ठा चाळणीत धुतात, त्यातले केस वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केसाच्या आतल्या गाभ्याची ठेवण आणि वरच्या खवल्यांची नक्षी प्रत्येक जातीची वेगळी असते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्याचा आहार तपासला. त्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्यात गावातला कुत्रा सर्वांत वर निघाला आणि बहुतांश भक्ष्य पाळीव प्राण्यांचे होते. या एका निष्कर्षाने 'बिबट्या गावात का येतो' या चर्चेचा रोखच बदलला.

तरीही विष्ठा सांगते ती एक-दोन दिवसांची हकीकत, आणि तीही न पचलेल्या भागाची. कोवळा पाला, फळांचा गर, मऊ मांस यांचा मागमूस राहत नाही. आणि जे खाल्ले त्यातले अंगी किती लागले, हे तर त्यातून मुळीच कळत नाही.

अन्नाचा देह

इथे रसायनशास्त्र मदतीला येते. प्राण्याचे शरीर त्याच्या अन्नातल्या अणूंनीच घडते आणि अन्न कुठून आले याची एक खूण त्या अणूंमध्ये राहते. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे 98.9 टक्के कार्बन-12 असतो आणि सुमारे 1.1 टक्का त्याचा किंचित जड भाऊ, कार्बन-13. दोघेही स्थिर, म्हणजे किरणोत्सर्ग न करणारे. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात तेव्हा हलका कार्बन जास्त उचलतात. पण सगळ्या वनस्पती सारख्याच प्रमाणात नाही.

1960च्या दशकात ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाच्या पानांवर काम करून प्रकाशसंश्लेषणाची एक वेगळी वाट उलगडली. तिला आज सी-4 म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते या गटातली. गहू, भात, तूर, हरभरा आणि जवळपास सगळी झाडे-झुडपे दुसऱ्या, सी-3 गटातली. सी-3 वनस्पतींत कार्बन-13 बराच कमी असतो. ठरलेल्या प्रमाणाशी तुलना करून दर हजारी मोजले तर तो उणे 27च्या आसपास येतो, सी-4मध्ये उणे 13च्या आसपास. दोन्ही गटांत मोठे अंतर आहे, आणि अन्न खाणाऱ्याच्या शरीरातही ते टिकते. डीनीरो आणि एपस्टाइन यांनी 1978 मध्ये प्राण्यांना माहीत असलेला आहार देऊन हे सिद्ध केले. तीन वर्षांनी त्यांनी नायट्रोजनबद्दलही असेच काम प्रसिद्ध केले. अन्नसाखळीची एक पायरी चढली की जड नायट्रोजन साधारण तीन ते चार दर हजारी वाढतो. म्हणजे कार्बन सांगतो अन्न कोणत्या वनस्पतींपासून आले, आणि नायट्रोजन सांगतो खाणारा साखळीत किती वर बसला आहे.

शरीराचा कोणता भाग घेतला यावर किती काळाची गोष्ट कळेल ते ठरते. यकृत आणि रक्तद्रव काही दिवसांचे सांगतात. हाडातले कोलॅजेन वर्षानुवर्षांची सरासरी देते. केस एकदा उगवला की बदलत नाही, म्हणून लांब केसाचे क्रमाने तुकडे केले तर आहार महिन्यागणिक कसा बदलत गेला ते दिसते. दाताचे एनॅमल बालपणीच घडते आणि पुढे तसेच राहते.

आपल्या देशातले एक उदाहरण सांगतो. दक्षिण भारतातल्या हत्तींवर रमण सुकुमार यांनी अनेक वर्षे काम केले. पावसाळ्यात हत्ती मोठ्या प्रमाणावर गवत खाताना दिसतात. पण सुकुमार आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश यांनी हत्तींच्या हाडांतल्या कोलॅजेनचा कार्बन तपासला, तेव्हा त्याचा मोठा वाटा झाडपाल्याकडून आलेला दिसला. त्यांचा हा निबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. यातून एक महत्त्वाचा धडा मिळतो. कोलॅजेन हे प्रथिन आहे आणि ते मुख्यतः आहारातल्या प्रथिनांतून घडते. वाळलेल्या गवतात प्रथिन फार कमी असते, झाडपाल्यात ते बरे असते. पोट गवताने भरले तरी अंगी लागला तो पाला. जंगलात फक्त गवताळ पट्टे राखून हत्ती जगतील असे मानणाऱ्याने या हाडांचे म्हणणे ऐकायला हवे.

दुसरे उदाहरण केनियातल्या सांबुरूचे. थुर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी हत्तींच्या शेपटीचे केस घेतले, तुकड्या-तुकड्याने तपासले आणि ते जीपीएस पट्ट्यावरच्या नोंदींशी ताडून पाहिले. बहुतेक हत्ती पावसात गवताकडे आणि कोरड्या दिवसांत पाल्याकडे वळत होते. लुईस नावाच्या एका नराचा केस मात्र वेगळे सांगत होता. कोरड्या दिवसांतही त्याच्यात सी-4ची खूण होती. हा नर सांबुरूची सखल जमीन सोडून दूरच्या डोंगरी जंगलात जाई, आणि तिथून रात्री बाहेर पडून शेतातला मका खाई. शेपटीच्या एका केसात एका हत्तीची चोरवाट नोंदलेली होती.

प्रकाश काय मोजतो

आतापर्यंतची मोजमापे मुख्यतः वस्तुमान-वर्णपटमापीने झाली. त्यात नमुना जाळून त्याचा वायू करतात, त्याचे आयन चुंबकक्षेत्रातून वळवतात आणि जड-हलके वेगळे मोजतात. यंत्र मोठे, महाग, आणि नमुना जळून जातो. मग प्रकाशाने हे होईल का?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथला पारा सर्वांत वर चढला. अवरक्त प्रकाशाची ती पहिली नोंद. पुढे कळले की या प्रकाशाची वारंवारता रेणूंमधल्या बंधांच्या कंपनांशी जुळते. दोन अणूंमधला बंध म्हणजे स्प्रिंगने जोडलेले दोन गोळे समजा. स्प्रिंग तीच ठेवून एक गोळा जड केला की कंपन मंदावते. बंधाचेही तसेच आहे.

म्हणूनच प्रकाश जड आणि हलका कार्बन ओळखू शकतो. साध्या कार्बन डायऑक्साइडचे एक प्रमुख कंपन 2349 प्रतिसेंटीमीटर या जागी प्रकाश शोषते. त्यातला कार्बन जड असला तर तेच शोषण 2283च्या आसपास सरकते. लेसरचा रंग अचूक साधला तर दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. 1988 मध्ये ओ'कीफ आणि डीकन यांनी एक युक्ती मांडली. अतिशय चकचकीत आरशांच्या मध्ये लेसरचा झोत कोंडून ठेवायचा आणि तो किती वेळात विझतो ते मोजायचे. एका छोट्या नळीत प्रकाश इतक्या वेळा मागे-पुढे होतो की त्याचा एकूण प्रवास कित्येक किलोमीटर भरतो, आणि अगदी थोडा वायूही आपली खूण त्यावर उमटवतो.

कार्बन-13 मोजून काय साधते याचे एक सुंदर उदाहरण गुंजन पक्ष्यांचे आहे. वेल्च आणि सुआरेझ यांनी या इवल्या पक्ष्यांना आधी बीटची साखर दिली, मग उसाची. रासायनिकदृष्ट्या साखर तीच, पण बीट सी-3 आणि ऊस सी-4. साखर बदलल्यावर तासाभराच्या आत पक्ष्यांच्या उच्छ्वासातला कार्बन उसाचा झाला. हवेत तरंगत राहण्यासाठी लागणारी शक्ती ते साठवलेल्या चरबीतून काढत नव्हते, नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून काढत होते. उच्छ्वासाचे असले मोजमाप आता प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांनीही होते. आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत पोटातल्या हेलिकोबॅक्टर जीवाणूसाठी फुंकर मारून चाचणी करतात. रुग्णाला कार्बन-13 घातलेला युरिया देतात आणि उच्छ्वासात जड कार्बन डायऑक्साइड वाढला का ते पाहतात. तिथली अनेक यंत्रे अवरक्त प्रकाशावरच चालतात. म्हणजे हे तंत्र आपल्या शेजारच्या दवाखान्यात आधीच येऊन बसले आहे.

पानापासून कोआलापर्यंत

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. अवरक्ताचा जो भाग तांबड्याला लागून आहे, साधारण 700 ते 2500 नॅनोमीटरचा, त्याला निकट-अवरक्त म्हणतात. या भागात ऑक्सिजन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन आणि कार्बन-हायड्रोजन या बंधांचे दुय्यम सूर उमटतात. पाण्याचे शोषण 1450 आणि 1940 नॅनोमीटरला ठळक दिसते, चरबीचे 1725 आणि 2310च्या आसपास, प्रथिनांचे 2180च्या आसपास. ही शोषणे क्षीण असतात आणि एकमेकांवर चढलेली असतात. क्षीण असल्यामुळेच प्रकाश नमुन्यात थोडा आत शिरतो आणि नमुना काही न मिसळता, न जाळता तसाच वापरता येतो. चढलेली असल्यामुळे मात्र नुसत्या डोळ्यांनी काही वाचता येत नाही. प्रथिनांची एक स्वतंत्र रेघ काढून तिची उंची मोजू म्हटले तर ते जमत नाही.

ही गुंतागुंत सोडवण्याची वाट अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या कार्ल नॉरिस या अभियंत्याने घालून दिली. तो आधी अंड्यांतले दोष प्रकाशाने ओळखण्यावर काम करत होता, मग धान्यातल्या ओलाव्याकडे वळला. 1976 मध्ये त्याने सहकाऱ्यांसह चाऱ्याची प्रत निकट-अवरक्त प्रकाशाने सांगता येते हे दाखवले. पद्धत अशी. पुष्कळ नमुने घ्यायचे. प्रत्येकाचा वर्णपट नोंदवायचा. त्याच नमुन्यांतले प्रथिन, तंतू वगैरे प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीने मोजायचे. मग गणिताने वर्णपट आणि ते आकडे यांचा संबंध शोधायचा. याला अंशशोधन म्हणतात. एकदा तो संबंध पक्का झाला की पुढच्या नमुन्याला रसायनशास्त्र लागत नाही, नुसता वर्णपट पुरतो.

हे काम जवळून पाहिले की त्याची शिस्त कळते. पाने आणली की आधी सुकवतात, कारण ओलाव्याचा सूर इतका मोठा असतो की बाकीचे सगळे त्यात बुडून जाते. मग चक्कीतून एक मिलिमीटरच्या जाळीने दळतात. भुगा काचेचा तळ असलेल्या छोट्या वाटीत भरतात आणि मागून दाबून बसवतात. दळण जाडे-भरडे झाले किंवा भरताना दाब कमी-जास्त झाला की प्रकाश वेगळा विखुरतो आणि वर्णपटाची अख्खी रेषा वर-खाली सरकते. म्हणून तोच नमुना पुन्हा भरून पुन्हा पाहतात. प्रत्यक्ष मापनाला मिनिटभरसुद्धा लागत नाही. त्याच नमुन्याचे प्रथिन केल्डालच्या पद्धतीने काढायचे तर तो तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळावा लागतो, ऊर्ध्वपातन करावे लागते, अनुमापन करावे लागते. शिवाय तो नमुना संपतो. प्रकाशाने पाहिलेला भुगा मात्र पुडीत परत जातो आणि पुढच्या प्रश्नासाठी शिल्लक राहतो.

या तंत्राने परिसंस्थेच्या अभ्यासात काय घडू शकते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. कोआला हा जवळजवळ फक्त निलगिरीची पाने खाणारा प्राणी. पण समोर दिसेल ती निलगिरी तो खात नाही. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या, एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एकावर तो पुन्हा पुन्हा चढतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कॅनबेराच्या विद्यापीठात विल्यम फोली आणि त्यांच्या गटाने याचा माग काढला. निलगिरीच्या पानांत फॉर्मिल गट असलेली फ्लोरोग्लुसिनॉल संयुगे असतात, आणि ती जितकी जास्त तितकी कोआला व पॉसम यांची भूक कमी. या संयुगांनी प्राण्याला मळमळते, हे त्यांनी एका नेमक्या प्रयोगातून दाखवले. मळमळ थांबवणारे औषध दिले तर प्राणी ही संयुगे असलेले अन्न जास्त खाऊ लागले. आपल्या घरांत उलटीवर देतात त्या ओंडान्सेट्रॉनच्या जातीचे हे औषध.

पण जंगलातल्या प्रत्येक झाडाची पाने प्रयोगशाळेत तपासायची कशी? फोली आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एका सविस्तर निबंधात निकट-अवरक्त प्रकाश हे वनस्पती आणि प्राणी यांच्या ऊतींच्या अभ्यासाचे साधन कसे होऊ शकते ते मांडले. त्यात एक धाडसी विचार होता. प्रकाशाकडून आधी रसायन आणि मग त्यावरून आहार, असे दोन टप्पे घ्यायलाच हवेत असे नाही. पिंजऱ्यातल्या प्राण्याने एखादे पान किती खाल्ले, तो आकडाच थेट वर्णपटाशी जोडता येतो. 2005 मध्ये बेन मूर आणि फोली यांनी व्हिक्टोरिया राज्यातल्या फिलिप बेटावर हे करून दाखवले. झाडांची पाने घेऊन, त्यांच्या वर्णपटांवरून प्रत्येक झाड कोआलाला किती रुचेल याचा नकाशा केला आणि प्रत्यक्ष कोआला कोणत्या झाडांवर बसलेले आढळले त्या नोंदींशी तो ताडला. मोठी आणि रुचकर झाडे त्यांच्या भेटींना कारण ठरली. आपल्याला जे एकसारखे हिरवे रान दिसते, ते त्या प्राण्याच्या दृष्टीने खाण्याजोग्या आणि न खाण्याजोग्या झाडांचे ठिगळकाम असते. रानाचा विस्तार हेक्टरमध्ये मोजून प्राण्याला पुरेसे अन्न आहे असे म्हणणे किती अपुरे आहे, हे यातून कळते.

शेणातली माहिती

चाऱ्याकडून आता जनावराकडे येऊ. मोकळ्या रानात चरणाऱ्या गाईने काय खाल्ले? टेक्सासमध्ये लायन्स आणि स्टुथ यांनी 1992 मध्ये शेणाच्या वर्णपटावरून आहाराची प्रत सांगण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शेणात न पचलेले तंतू, पोटातल्या जीवाणूंचे अवशेष आणि आतड्यातून आलेले स्राव असतात. या सगळ्यांत आहाराची छाया असते. अंशशोधनासाठी त्यांना गाईने प्रत्यक्ष गिळलेल्या चाऱ्याचे नमुने लागले. ते अन्ननलिकेला शस्त्रक्रियेने छिद्र केलेल्या जनावरांकडून मिळाले. पुढची हजारो जनावरे या त्रासातून सुटावीत म्हणून आधी काही जनावरांनी तो सोसला, हे विसरू नये असे मला वाटते.

उत्तर ऑस्ट्रेलियात डेव्हिड कोट्स यांनी याला एक सुरेख जोड दिली. तिथल्या उष्ण कुरणात गवते सी-4 आणि झुडपे, रुंद पानांच्या वनस्पती सी-3. तेव्हा शेणातल्या कार्बन-13वरून आहारात गवत किती आणि बाकीचे किती ते काढता येते. कोट्स यांनी हा आकडा निकट-अवरक्त वर्णपटाला शिकवला. सुरुवातीला अंशशोधनापुरते वस्तुमान-वर्णपटमापीचे काम, पुढे नुसता प्रकाश. एका नमुन्यातून गवताचा वाटा, प्रथिन आणि पचनीयता असे तिन्ही हाती येते. ज्या पशुपालकाला पुढच्या महिन्यात खुराक द्यायचा की नाही हे आज ठरवायचे आहे, त्याला ही माहिती वेळेवर मिळते.

जुनी हाडे

प्रकाश नमुना जाळत नाही याचे मोल पुरातत्त्वात सर्वांत जास्त. दक्षिण आफ्रिकेतल्या मकापान्सगाटच्या आदिमानवांच्या दातांतला कार्बन तपासून मॅट स्पॉनहायमर आणि ज्युलिया ली-थॉर्प यांनी 1999 मध्ये दाखवले की ऑस्ट्रेलोपिथेकस केवळ जंगलातली फळे-पाने खात नव्हता, सी-4 अन्नही त्याच्या पोटात जात होते, मग ते गवत असो वा गवत खाणारे प्राणी. पण अशा तपासणीसाठी दाताचा कण खरवडावा लागतो आणि हाडाचा तुकडा विरघळवावा लागतो. कित्येकदा हाड कापल्यावर कळते की त्यातले कोलॅजेन कधीच नष्ट झाले आहे. म्हणजे हाडही गेले आणि उत्तरही मिळाले नाही. याच स्पॉनहायमर यांनी सहकाऱ्यांसह 2019 मध्ये दाखवले की हाडावर निकट-अवरक्त प्रकाश टाकून आत कोलॅजेन किती उरले आहे त्याचा आधीच अंदाज घेता येतो. मग ज्या हाडात काही सांगण्याजोगे शिल्लक आहे, तेवढेच कापायचे.

दख्खनचा प्रश्न

श्रोतेहो, आता मला ज्यासाठी हे सारे सांगावेसे वाटले त्याकडे येतो. यंत्र विकणारे सांगतात की नमुना ठेवा, बटण दाबा, उत्तर घ्या. हे अर्धसत्य आहे. प्रकाशाला प्रथिन माहीत नाही, गवत माहीत नाही, कोआलाची आवड माहीत नाही. जे त्याला शिकवले तेवढेच तो सांगतो, आणि ज्या नमुन्यांवर शिकवले त्यांच्यासारख्याच नमुन्यांबद्दल सांगतो. टेक्सासच्या गाईंवर बसवलेले समीकरण माणदेशातल्या मेंढीच्या लेंडीला लावले तर आकडा जरूर येईल, तोही दशांशचिन्हासकट. पण तो खरा असेलच असे नाही. आणि वर्णपटाचा अंदाज शेवटी मूळ रासायनिक मोजमापावरच बेतलेला असतो. मुळात चूक असेल तर प्रकाश ती इमानाने पुढे नेतो.

आपल्या भागातला एक खरा प्रश्न घ्या. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्याभोवती आणि नान्नजच्या माळरानावर काळवीट शेतात शिरतात ही शेतकऱ्यांची रास्त तक्रार आहे. काळविटाच्या केसातला कार्बन तपासून तो ज्वारी खातो की रानातले गवत, हे सांगता येईल का? नाही येणार. ज्वारी सी-4 आणि आपल्या माळावरची पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतेही सी-4. कार्बनच्या दृष्टीने दोन्ही एकच. उलट रब्बीत केसात सी-3चा वाटा वाढलेला दिसला, तर तो हरभऱ्याचा की बाभळीच्या शेंगांचा, हेही एकट्या कार्बनने ठरणार नाही. आफ्रिकेतल्या लुईस हत्तीचे कोडे सुटले, कारण तिथे कोरड्या दिवसांतला मका आजूबाजूच्या पाल्यापेक्षा वेगळा उठून दिसला. इथली जमीन वेगळी, वनस्पतींची मांडणी वेगळी, म्हणून उत्तराची वाटही वेगळी हवी.

ती वाट आहे. फेब्रुवारीतले माळावरचे गवत वाळलेले असते, प्रथिन तळाला गेलेले असते. खत घातलेल्या शेतातले हिरवे पीक त्या मानाने प्रथिनाने समृद्ध असते. हा फरक लेंडीच्या वर्णपटात उमटायला हवा. कार्बन, नायट्रोजन आणि निकट-अवरक्त वर्णपट यांची सांगड घातली तर बरेच काही वेगळे करता येईल. पण त्यासाठी आधी माहीत असलेल्या आहाराचे, माहीत असलेल्या ऋतूचे, इथल्याच मातीतले नमुने हवेत. काळविटासाठी ते बंदिवासातल्या कळपांकडून मिळू शकतात. शेळ्या-मेंढ्यांसाठी आपल्याकडे याहून मोठा ठेवा आहे.

आपला धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या कळपासोबत चालतो. पावसाळा सरला की काही वाडे कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात, आणि पावसाआधी पुन्हा घाटावर येतात. कोणत्या मुक्कामी मेंढीने बोरीचा पाला किती खाल्ला, हिवराच्या शेंगा कधी पडल्या, कोणते गवत तोंडात घेऊन टाकून दिले, हे मेंढपाळाला नेमके ठाऊक असते. त्याच्याबरोबर चालून घासागणिक नोंद करावी, दोन दिवसांनी त्याच कळपाच्या लेंड्या गोळा कराव्यात, त्याच पाल्याचे नमुने सुकवून ठेवावेत. अंशशोधनासाठी याहून चांगली सामग्री कुठल्या प्रयोगशाळेत तयार होणार? या कामात मेंढपाळाचे नाव संशोधकांच्या यादीत असावे आणि त्याला त्याचा मोबदला मिळावा, असा माझा आग्रह आहे.

राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथे आपली चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्याकडे चाऱ्याचे रासायनिक पृथक्करण वर्षानुवर्षे चालते. दर वर्षी किती पदव्युत्तर विद्यार्थी तिथे गवते, पाला, कडबा यांचे प्रथिन आणि तंतू मोजतात! आकडे प्रबंधात जातात आणि नमुने बहुधा फेकले जातात. ते फेकू नयेत. प्रत्येक नमुन्याची पन्नास ग्रॅमची पुडी, तिच्यावर जात, गाव, तारीख आणि मोजलेले आकडे, कोरड्या जागी जपून ठेवली तर पाच-दहा वर्षांत दख्खनच्या चाऱ्याचा असा संग्रह तयार होईल की त्यावर कोणतेही नवे यंत्र लगेच शिकवता येईल. यंत्रे दर दशकाला बदलतात. नमुने जपले तर प्रत्येक नव्या यंत्राला त्यांचा उपयोग होतो.

महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागांनाही माझी हीच विनंती आहे. हर्बेरियमसाठी फांदी दाबताना तिच्या पानांची एक पुडी वेगळी काढून ठेवा. वनखात्याला विनंती आहे की मृत प्राण्याचा पंचनामा होतो तेव्हा केसांचा एक झुपका आणि हाडाचा छोटा तुकडा नियमानुसार जतन व्हावा. त्यांतून पुढच्या पिढीतला कोणी त्या प्राण्याच्या आयुष्यातल्या दुष्काळाची वर्षे वाचू शकेल.

यंत्रासाठी निधी मागणे सोपे असते, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. पुड्यांच्या कपाटासाठी निधी मागणे अवघड. पण या विषयात ज्ञान खऱ्या अर्थाने त्या कपाटात साठते. कोआलाची झाडे, टेक्सासच्या गाई आणि उत्तर ऑस्ट्रेलियातली कुरणे यांच्याबद्दल प्रकाश आज बोलतो, कारण तिथल्या माणसांनी आधी पाने तोडली, सुकवली, उकळली, मोजली आणि जपली. रेहेकुरीच्या काळविटाबद्दल आणि माणदेशाच्या मेंढीबद्दल त्याने बोलावे असे वाटत असेल, तर तेवढीच मेहनत आपण इथे करायला हवी. त्यासाठी यंत्राची वाट पाहायची गरज नाही. चाळणी, सुकवणी, वजनकाटा आणि नीट लिहिलेली चिठ्ठी एवढ्यावर हे काम येत्या पावसाळ्यानंतर सुरू होऊ शकते, आणि ते सुरू व्हावे ही माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.